बाणाची लांबी

कोणत्याही बऱ्यापैकी कचेरीत हल्ली बैठक भरली की समोरच्या भिंतीवर एक चित्र उमटते. निळसर चौकोन, मधूनमधून एखादा पिवळा शंकरपाळा आणि या साऱ्यांना जोडत जाणारे बाण. चौकोनांत कामे लिहिलेली असतात : ‘अर्ज स्वीकारणे’, ‘छाननी’, ‘मंजुरी’, ‘रक्कम अदा करणे’. शंकरपाळ्यात प्रश्न असतो : ‘कागदपत्रे पूर्ण आहेत का?’ ‘होय’चा बाण खाली उतरतो, ‘नाही’चा बाण वळसा घालून पुन्हा वर जातो. साखर कारखाना असो, महापालिका असो, नागरी सहकारी बँक असो नाही तर हिंजवडीतली संगणक कंपनी असो, चित्र तेच. माना डोलतात, चहा येतो आणि काम कसे चालते हे सर्वांना समजले, अशी नोंद इतिवृत्तात होते.

अशी चित्रे काढणे आता फार सोपे झाले आहे. मायक्रोसॉफ्टचे ‘व्हिजिओ’ आहे, फुकट मिळणारे ‘ड्रॉ डॉट आयओ’ आहे, ‘ल्युसिडचार्ट’ आहे. मोठ्या कामाचे वेळापत्रक मांडायला ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’ आहे. चार वाक्यांत काम सांगितले की चित्र काढून हातात ठेवणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही अलीकडे आली. बँकेतल्या नोकरीत मी अशी चित्रे पुष्कळ पाहिली, काही स्वतः काढली. त्यांचा मी विरोधक नाही. तोंडी सांगून न कळणारी गोष्ट चित्राने चटकन कळते, हा अनुभव खराच आहे.

पण या चित्रांत एक गोष्ट दिसत नाही. ती म्हणजे बाणाची लांबी. एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात जायला पाच मिनिटे लागोत की पाच आठवडे, कागदावर बाण इंचभरच राहतो. कचेरीतल्या माणसाचे लक्ष चौकोनाकडे असते, कारण त्याचे काम तिथे असते. खिडकीबाहेरच्या माणसाचे दिवस मात्र बाणात जातात. हा बाण इतका आखूड कसा झाला आणि त्याला त्याची खरी लांबी परत देता येईल का, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पट्टी, पेन्सिल आणि व्हिजिओ

संस्थेचा कारभार चित्रात मांडण्याचा पहिला नामांकित प्रयत्न रेल्वेवाल्यांचा. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड ईरी रेलरोडचे अधीक्षक डॅनियल मॅकॅलम यांनी १८५५ साली आपल्या कर्मचाऱ्यांचा एक तक्ता तयार करवून घेतला. तो झाडासारखा आहे. गंमत म्हणजे संचालक मंडळ त्यात खाली, मुळाशी आहे आणि मार्गावर प्रत्यक्ष राबणारी माणसे फांद्यांसारखी वर पसरली आहेत. पुढे असे तक्ते उलटे झाले. साहेब वर गेले, ते आजतागायत तिथेच आहेत.

हा तक्ता माणसांचा होता. कामाचा तक्ता आला तो फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्यामुळे. फ्रँक मूळचे गवंडीकाम शिकलेले. वीट उचलून भिंतीवर बसवेपर्यंत गवंडी किती हालचाली करतो आणि त्यातल्या किती फुकट जातात, हे त्यांनी बारकाईने पाहिले. १९२१ साली त्यांनी यांत्रिकी अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेपुढे ‘प्रोसेस चार्ट’ची कल्पना मांडली. काम कसे व्हावे हे सांगण्याआधी ते आज कसे होते हे पायरीपायरीने कागदावर उतरवा, असा तिचा गाभा. १९४७ मध्ये गणिती जॉन फॉन नॉयमन आणि हर्मन गोल्डस्टाइन यांनी संगणकाला द्यायच्या सूचना मांडण्यासाठी अशाच स्वरूपाच्या आकृत्या वापरल्या. मग संगणकवाल्यांनी हे चित्र आपलेसे केले. ‘आयबीएम’ने चौकोन-शंकरपाळ्यांची भोके पाडलेली प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी काढली. त्या काळच्या कित्येक प्रोग्रॅमरांच्या खिशात ती पट्टी आणि टोक केलेली पेन्सिल असे.

पट्टी-पेन्सिलीची अडचण एकच होती. मधला एखादा चौकोन राहून गेला की सगळा कागद पुन्हा काढायचा. सिएटलमधल्या एका लहान कंपनीने १९९२ साली बाजारात आणलेल्या व्हिजिओने नेमकी ही अडचण सोडवली. त्याआधीच्या चित्रकामाच्या बहुतेक सॉफ्टवेअरला रेघ म्हणजे नुसती रेघ वाटे. व्हिजिओमधला बाण चौकोनाला डिंकाने चिकटवल्यासारखा राहतो. चौकोन इकडचा तिकडे सरकवा, बाण मुकाट्याने मागोमाग जातो. ही युक्ती इतकी उपयोगी ठरली की २००० साली मायक्रोसॉफ्टने एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीला ती कंपनीच घेऊन टाकली.

इथे एक सूक्ष्म बदल झाला. कागद पुन्हा काढण्याचा कंटाळा असे, म्हणून पूर्वी काढण्याआधी विचारपूस होई. ‘यानंतर फाइल कुणाकडे जाते हो?’ असे विचारत माणूस टेबलाटेबलांशी जाई. आता चित्र आधी तयार होते, विचारपूस मग सवडीने. आणि छापील, रंगीत, काटकोनात बसलेल्या चित्राला काही विचारायचे धाडस सहसा कुणी करत नाही. वाकड्यातिकड्या पेन्सिलीच्या चित्रावर शिपाईसुद्धा बोट ठेवू शकतो.

अडगळीत गेलेला ‘डी’

गिलब्रेथ यांच्या खुणा पुष्कळ होत्या. १९४७ साली अमेरिकेतल्या त्याच अभियंता-संस्थेने त्यातून पाच खुणा प्रमाण म्हणून ठरवल्या. वर्तुळ म्हणजे काम. बाण म्हणजे वस्तू किंवा कागद एका जागेहून दुसरीकडे नेणे. चौकोन म्हणजे तपासणी. उलटा त्रिकोण म्हणजे साठवण. आणि पाचवी खूण इंग्रजी ‘डी’ अक्षराची, ‘डी’ म्हणजे ‘डिले’. आपल्याकडचा नेमका शब्द वापरायचा तर खोळंबा.

म्हणजे पंचाहत्तरहून अधिक वर्षांपूर्वी खोळंब्याला स्वतःचे चिन्ह होते. कामाइतकाच, तपासणीइतकाच तोही चित्रात नोंदवायचा विषय मानला गेला होता. कारण उघड आहे. कारखान्यातली वस्तू यंत्राखाली काही मिनिटे असते आणि यंत्रापुढच्या रांगेत काही दिवस. मालकाचे पैसे रांगेत अडकतात. तेव्हा रांग मोजलीच पाहिजे.

मग ‘डी’ गेला कुठे? माझ्या समजुतीने, हे चित्र कारखान्यातून संगणकाच्या खोलीत गेले तेव्हा तो गळला. संगणकाच्या आज्ञावलीत एक पायरी संपली की दुसरी लगेच सुरू होते. दोहोंमध्ये चहाची सुट्टी नसते, साहेब दौऱ्यावर गेलेले नसतात. तिथे बाण म्हणजे केवळ ‘यानंतर हे’. यंत्रापुरते ते बरोबरच होते. पण तेच चित्र, त्याच सवयीसकट, संगणकाच्या खोलीतून माणसांच्या कचेरीत आले तेव्हा ‘यानंतर हे’ म्हणजे ‘यानंतर लगेच हे’ असे वाटू लागले.

खरे तर ‘डी’ अजून जिवंत आहे. आपल्या रोजच्या वापरातल्या ‘वर्ड’मध्ये आकारांचा खण उघडून फ्लोचार्टच्या ओळीत शोधा. एका बाजूने गोलावलेला एक आकार सापडेल. त्यावर माउस नेला की ‘डिले’ असे नाव उमटते. हा आकार कुणी हौसेने वापरल्याचे मी नोकरीत क्वचितच पाहिले. स्वयंपाकघरात फळीवर मागे सरकलेल्या बरणीसारखा तो आहे. आहे हे सर्वांना माहीत, हात कुणाचा जात नाही.

लोखंडी कपाट

हा आकार वापरला तर काय दिसते, याचे एक उदाहरण माझ्या पाहण्यातले आहे. २००० नंतरच्या दशकात बँकांमध्ये कोअर बँकिंग येत होते. सगळ्या शाखा एका संगणकप्रणालीवर जाणार म्हणून प्रत्येक कामाचा फ्लोचार्ट तयार होत होता. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी आम्हा अधिकाऱ्यांचा प्रशिक्षण वर्ग होता. पडद्यावर पीककर्जाचे चित्र होते : ११ चौकोन, १० बाण. प्रोजेक्टरची वायर सांभाळायला शाखेतले दफ्तरी उभे होते. निवृत्तीला वर्षभर उरलेले गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणत. चित्र समजावून झाल्यावर ‘काही शंका?’ असे विचारले गेले, तेव्हा मागून मामा म्हणाले, ‘‘साहेब, ह्यात लोखंडी कपाट कुठं दाखवलंय?’’

वर्ग हसला. शिकवणारे तरुण अधिकारी सौजन्याने म्हणाले, ‘‘मामा, ही प्रक्रिया आहे. यात फर्निचर नसतं.’’

‘‘तसं नाही,’’ मामा म्हणाले, ‘‘पण फायली तर तिथंच असतात ना.’’

जेवणाच्या सुट्टीनंतर आम्ही दोघा-तिघांनी गंमत म्हणून त्याच कपाटातून मागच्या खरिपातली एक फाइल काढायला सांगितली. मर्यादा जरा मोठी होती, जमीन तारण होती. आवक शिक्क्यावर अर्जाची तारीख २२ एप्रिल. रक्कम खात्यात जमा झाल्याची तारीख ८ जून. मधले दिवस ४७. फाइलमधल्या प्रत्येक कागदावर तारीख-शिक्का होताच. ते ओळीने लावले तेव्हा हिशेब असा निघाला : सातबारा आणि आठ-अचे उतारे यायला ९ दिवस, कारण तलाठ्यांकडे तीन गावांचा कारभार. सोसायटीचा आणि आसपासच्या बँकांचा ‘नो ड्यूज’ दाखला यायला १२ दिवस. वकिलांचा सर्च रिपोर्ट यायला १४ दिवस. शेताची पाहणी व्हायला ८ दिवस, कारण जीप आठवड्यातून एकदा. आणि सगळे जमल्यावर मंजुरीच्या सहीसाठी, कपाटात, ४ दिवस. बँकेतल्या कुणाचा ना कुणाचा हात प्रत्यक्ष त्या फाइलला किती वेळ लागला असेल, याचाही आम्ही अंदाज केला. सढळ हाताने धरले तरी तो सहा-सात तासांपलीकडे जाईना.

८ जून म्हणजे मृगाचा सुमार. पेरणीला लागणारे बियाणे आणि खत त्याआधीच घ्यावे लागते. म्हणजे त्या शेतकऱ्याने कृषी केंद्रातून ते उधारीवर उचलले असणार, आणि हंगामाअखेरीस त्या उधारीचे जे काही जास्तीचे मोजावे लागते ते मोजले असणार. बँकेचे कर्ज मंजूर झाले होते, स्वस्त व्याजाचे होते, नियमाने होते. ते फक्त उशिरा होते. दाखल्यांवरच्या तारखा पाहता तालुक्याला त्याच्या निदान सहा खेपा झाल्या होत्या. पडद्यावरच्या चित्रात तो दोनच ठिकाणी होता : पहिल्या चौकोनात अर्ज देताना आणि शेवटच्या चौकोनात पैसे घेताना. बाकीचा सगळा तो बाणांत होता.

मग आम्ही पांढऱ्या फळ्यावर तेच चित्र पुन्हा काढले. या वेळी प्रत्येक बाणावर ‘डी’ काढून त्यात दिवस लिहिले. तसे लिहिताच एक गोष्ट डोळ्यांत भरली. नो ड्यूजचे दाखले आल्यावर मग फाइल वकिलांकडे जात होती, वकिलांचे झाल्यावर मग शेतपाहणी. असे का, याचे कारण कुणालाच सांगता येईना. एकामागोमाग एक चौकोन काढले होते म्हणून कामे एकामागोमाग एक होत होती. उतारे हाती आले की दाखले, वकील आणि शेतपाहणी ही तिन्ही कामे त्याच दिवशी सुरू करायला हरकत नव्हती. तसे केले तर १२, १४ आणि ८ यांची बेरीज ३४ धरायची नाही, त्यातले मोठ्यात मोठे म्हणजे १४ धरायचे. ९ अधिक १४ अधिक ४, म्हणजे २७ दिवस. २२ एप्रिलचा अर्ज १९ मेला निकालात. एक जास्तीचा माणूस नको, एक नियम बदलायला नको.

त्या शाखेच्या व्यवस्थापकांनी पुढच्या खरिपात तसे करून पाहिले आणि बऱ्याच फायली मृगाआधी मोकळ्या केल्या. वर पाठवलेल्या टिपणाचे मात्र काही झाले नाही. छापून आलेल्या पुस्तिकेत ११ चौकोन आणि १० बाणांचे मूळ चित्रच होते. ते चित्र करणारे अज्ञानी होते असे नव्हे. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता : सही कुणी करायची आणि हिशेबतपासणीत जबाबदार कोण. त्या प्रश्नाला चित्र चोख उत्तर देत होते. जो चित्र काढतो, त्याच्याच प्रश्नाचे उत्तर चित्रात असते.

गीअरी रमलर आणि अॅलन ब्रॅशी या दोन अमेरिकन सल्लागारांनी १९९० साली याच दुखण्यावर एक पुस्तक लिहिले. तक्त्यातल्या चौकोनांमधल्या मोकळ्या पांढऱ्या जागेचा कारभार कसा पाहावा, असे त्याचे उपशीर्षक आहे. प्रत्येक खात्याला आडवा पट्टा द्यायचा आणि काम या पट्ट्यातून त्या पट्ट्यात कसे उडी मारते ते दाखवायचे, ही पद्धत या पुस्तकाने रूढ केली. पोहण्याच्या तलावातल्या पट्ट्यांसारखे दिसते म्हणून तिला ‘स्विमलेन’ म्हणतात. आजच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ती तयार मिळते. तिथे ग्राहकालाही एक पट्टा देता येतो. बहुतेक ठिकाणी तो दिलेला नसतो, एवढेच.

क्रॉसिंगला थांबलेली गाडी

खोळंबा दाखवणारे चित्र अवघड असते, असे कुणाला वाटत असेल तर त्याने रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातला तक्ता आठवावा. तो दीडशेहून अधिक वर्षे जुन्या युक्तीवर चालतो. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशने. धावणारी गाडी म्हणजे तिरपी रेघ. जितकी उभट रेघ तितकी वेगवान गाडी. आणि गाडी थांबली की रेघ आडवी होते. सेक्शन कंट्रोलर पूर्वी पेन्सिलीने या रेघा ओढत, आता संगणक ओढतो, पण चित्राचे व्याकरण तेच आहे.

कोकण रेल्वेने गणपतीला गावी गेलेल्या प्रत्येकाला क्रॉसिंग ठाऊक आहे. मार्ग बहुतांशी एकेरी. समोरून गाडी येणार असली की आपली गाडी एखाद्या लहानशा स्टेशनात उभी राहते. बाहेर भातशेती, आत भजी खाणारी मंडळी, आणि का थांबलो ते कुणी सांगत नाही. पण कंट्रोलमधल्या तक्त्यावर आपला तो अर्धा तास स्वच्छ दिसत असतो. आपली आडवी रेघ जिथे संपते तिथे दुसऱ्या गाडीची तिरपी रेघ तिला छेदून गेलेली असते. कोण थांबले, किती थांबले आणि कुणासाठी थांबले, ही तिन्ही उत्तरे एका नजरेत मिळतात. रेल्वेला हे दाखवणे भाग आहे. कारण थांबलेली गाडी रूळ अडवते, खोळंबा तिच्या अंगाशी येतो. थांबलेला अर्जदार कुणाचा रूळ अडवत नाही. तो बाकावर बसून राहतो.

आराखड्यातले कलिंगड

फ्लोचार्टला काळ दिसत नाही, पण प्रकल्पाच्या आराखड्यात तर काळच मांडलेला असतो, असे कुणी म्हणेल. ते खरे आहे. त्या चित्राला ‘गँट चार्ट’ म्हणतात. अमेरिकन अभियंता हेन्री गँट यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते रूढ केले. त्याआधी, १८९६ साली, पोलंडचे अभियंता कारोल अडामिएत्स्की यांनी ‘हार्मोनोग्राम’ नावाने तसेच चित्र तयार केले होते. पण त्यांचे लेखन पोलिश आणि रशियन भाषांत राहिले, नाव गँट यांचे झाले. मराठीत लिहिणाऱ्याला यात नवल वाटू नये. पोलंडमध्ये मात्र वेळापत्रकाला आजही हार्मोनोग्राम म्हणतात.

या चित्रात प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी असते. जितके दिवस तितकी लांब पट्टी. इथे कामाला लांबी मिळाली. खोळंब्याला मिळाली का? दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा म्हणजे खोळंबा, पण तिला नाव नाही, मालक नाही.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस दोन पद्धती निघाल्या. ड्यू पाँ या रसायन कंपनीने कारखान्यांच्या उभारणी-दुरुस्तीसाठी ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत बसवली. कोणती कामे रेंगाळली तर सगळेच रेंगाळते, ते ती शोधते. पीककर्जाच्या फाइलवर आम्ही फळ्यावर केले ते हेच. त्याच सुमारास अमेरिकन नौदलाने पाणबुडीतून डागायच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ ही पद्धत आणली. तिच्यात अनिश्चितता प्रामाणिकपणे कबूल केलेली असते. प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्यायचे : सगळे सुरळीत झाले तर किती दिवस, नेहमी किती, आणि सगळेच बिघडले तर किती. नेहमीच्या अंदाजाला चौपट वजन देऊन तिघांची सरासरी काढायची. वकिलांचा अहवाल लवकर म्हणजे ७ दिवसांत, नेहमी १४ दिवसांत आणि वाईटात वाईट ३३ दिवसांत येत असेल, तर आराखड्यात १६ दिवस धरायचे.

पोलॅरिस यशस्वी झाले. १९६०च्या जुलैत पाणबुडीतून पाण्याखालून ते डागले गेले, आणि पर्टचा डंका जगभर वाजला. पुढे १९७२ साली हार्वी सापोल्स्की या अभ्यासकाने त्या प्रकल्पाचा इतिहास लिहिला. त्यातला निष्कर्ष मोठा मार्मिक आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी पर्टवर फारसा भरवसा ठेवला नव्हता. पण कारभार शास्त्रशुद्ध चालला आहे असा दबदबा त्या चित्रांमुळे निर्माण झाला आणि बाहेरच्यांची ढवळाढवळ थांबली. चित्राचा उपयोग झाला, पण तो काम दाखवायला नव्हे, ढालीसारखा.

पुण्यातल्या संगणक कंपन्यांत ही ढाल रोज दिसते. प्रकल्पाच्या प्रत्येक कामापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका असतो. लाल ठिपक्याचे उत्तर द्यावे लागते, म्हणून खालून वर जाताना लालाचा पिवळा होतो आणि पिवळ्याचा हिरवा. अशा अहवालाला त्या मंडळींनी मोठे झकास नाव ठेवले आहे : कलिंगड. बाहेरून हिरवे, कापले की लाल.

आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक गोष्ट गुपचूप ठरलेली असते. प्रोजेक्ट उघडले की त्यातले मूळचे कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, रोज आठ तास, असे असते. सुट्ट्यांचा खण रिकामा. दिवाळी, गणपती, मार्चअखेर, निवडणुकीची आचारसंहिता, पेरणीचे दिवस, बँकांचे २०१५च्या सप्टेंबरपासून बंद असणारे दुसरे-चौथे शनिवार, हे सारे आपणच भरायचे असते. ते न भरता सॉफ्टवेअरने काढलेली तारीख छापून वर पाठवली की ऑक्टोबरात काम का अडले याचे मोठे आश्चर्य व्यक्त होते. दिवाळी दर वर्षी येते, आश्चर्यही दर वर्षी येते.

चित्रच जेव्हा साहेब होते

इतके दिवस एक सोय होती. चित्र चुकीचे असले तरी ते भिंतीवर असे आणि काम टेबलावर. टेबलावरचा माणूस चित्रातली चूक आपल्या शहाणपणाने दुरुस्त करून घेई. ‘या, बसा, दाखला उद्या आणून द्या, तोवर मी बाकीचं करून ठेवतो’ असे म्हणणारे कारकून प्रत्येक कचेरीत असत, अजूनही आहेत.

आता चित्र भिंतीवरून उतरून टेबलावर आले आहे. कामाचे टप्पे मांडण्याची ‘बीपीएमएन’ नावाची एक प्रमाण चिन्हभाषा २००४ पासून आहे. तिची २०११ची आवृत्ती अशी बेतलेली आहे की त्या खुणांनी काढलेले चित्र संगणक थेट चालवू शकतो. चित्र हीच आज्ञा. अर्ज ऑनलाइन भरताना एखादा रकाना रिकामा राहिला तर ‘पुढे’ हे बटण दबतच नाही, ते याच जातीच्या मांडणीमुळे. यात लाभ मोठा आहे, तो नाकारू नये. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. म्हणजे त्या फाइलमधले पहिले नऊ दिवस, निदान कागदावर, पुसले गेले.

पण चित्रच साहेब झाले की चित्रात जे नाही ते जगात नाही, असा कारभार सुरू होतो. ‘सिस्टिम घेत नाही’ या उत्तरावर अपील नसते. म्हणून चित्र काढताना खोळंबा त्यात आहे की नाही, हा प्रश्न पूर्वीपेक्षा आज जास्त महत्त्वाचा आहे. बीपीएमएनमध्ये घड्याळाची एक खूण आहे. अमुक दिवसांत उत्तर आले नाही तर प्रकरण आपोआप वरिष्ठांकडे जावे, असे ती लावून सांगता येते. खूण तयार आहे. ती लावायची की नाही, हे संगणक ठरवत नाही.

कायद्यानेही तोच मार्ग दाखवला आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ सालचा. कोणती सेवा, किती दिवसांत, कोणत्या अधिकाऱ्याकडून आणि न मिळाल्यास अपील कुणाकडे, हे कचेरीने जाहीर करायचे असते. दारात लावलेला तो फलक पाहायला रुक्ष असतो. चौकोन नाही, रंग नाही. पण त्यात बाणाला लांबी आहे आणि तिच्यापुढे एका पदाचे नाव आहे. भिंतीवरच्या सुबक चित्रांपेक्षा तो फलक मला अधिक प्रामाणिक वाटतो.

आज हजारो तरुण मुले-मुली ही चित्रे काढण्याचेच काम करतात. कुणी व्यवसाय-विश्लेषक आहे, कुणी प्रकल्प-व्यवस्थापक. त्यांना तीन साध्या सूचना कराव्याशा वाटतात. पहिली : चित्र काढण्याआधी पूर्ण झालेली एक खरी फाइल मागून घ्या आणि तिच्यावरच्या तारखा ओळीने लावा. दुसरी : ज्याच्यासाठी काम चालले आहे त्याला चित्रात एक पट्टा द्या आणि त्याच्या खेपाही कामाइतक्याच चौकोनांत दाखवा. तिसरी : प्रत्येक बाणावर दिवस लिहा, आणि ते दिवस तसे का आहेत याचे कारण. कारण सापडले नाही तर तिथेच थांबा. सुधारणेची जागा बहुधा तीच असते.

आणि जे चित्र काढत नाहीत, नुसते बैठकीत बसून पाहतात किंवा खिडकीबाहेर उभे असतात, त्यांनीही संकोच धरू नये. भिंतीवर चौकोन उमटले, माना डोलू लागल्या, की कोणत्याही एका बाणाकडे बोट दाखवून एवढेच विचारावे : इथून इथपर्यंत जायला किती दिवस लागतात?